दुर्मिळ म्हणजे किती? अमेरिकी मसल कारच्या मोजदादीची कथा

1964 साली जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागाने ‘जीटीओ’ बाजारात आणली, तेव्हा ती स्वतंत्र मॉडेल नव्हती. मध्यम आकाराच्या गाड्यांत 330 घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टिॲकचे अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. ‘टेम्पेस्ट लेमान्स’ या साध्या गाडीवर 389 घन इंचांचे इंजिन जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय म्हणून त्यांनी देऊ केले. त्या वर्षी 32,450 ग्राहकांनी तो घेतला. मसल कारचे, म्हणजे साध्या गाडीत मोठे इंजिन बसवण्याचे युग इथून सुरू झाले असे सामान्यतः मानले जाते, आणि तिची दुर्मिळता मोजण्याचा पेचही याच निर्णयातून जन्माला आला. गाडीचे खरे मोल मॉडेलच्या नावात नव्हे, तर डीलरच्या ऑर्डर फॉर्मवर कोणत्या चौकटीत खूण केली होती त्यात दडलेले होते. 1964 आणि 1965 च्या जीटीओचा चेसिस नंबर पाहून ती जीटीओ आहे की साधी लेमान्स, हे कळत नाही.

त्या काळी अमेरिकी गाडी ग्राहकाच्या मागणीनुसार घडत असे. इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या एक्सलचे गुणोत्तर, ब्रेक, रंग, आसनांचे कापड, रेडिओ, हीटर, सगळे निवडता येई. केवळ दहा पर्याय ‘हवा’ किंवा ‘नको’ असे निवडायचे म्हटले तरी 1,024 प्रकारच्या गाड्या संभवतात. खरे पर्याय याच्या कितीतरी पट होते. म्हणूनच ‘अशी जगात एकच आहे’ हा विक्रेत्याचा दावा ऐकताना सावध राहावे लागते. रंग, कापड, एक्सल, घड्याळ अशा अटी वाढवत गेले की कोणतीही गाडी एकमेव ठरते. एखाद्या अटीने गाडीच्या स्वभावात फरक पडत असेल, तरच त्या संख्येला अर्थ आहे.

एकेका पर्यायाची संख्या ठाऊक असली की हिशोब सोपा वाटतो. 1967 साली जनरल मोटर्सच्याच शेव्हरोलेटने सुमारे 2,20,000 कॅमारो बनवल्या. त्यांतल्या 602 गाड्यांवर ‘झी-28’ हा शर्यतीला साजेसा संच होता, म्हणजे हजारात तीनही नाहीत. पुढच्या वर्षी हा आकडा 7,199 वर गेला आणि 1969 मध्ये 20,302 वर. संच तोच, नावही तेच. पण वर्ष न सांगता ‘झी-28 दुर्मिळ आहे’ असे म्हणण्यात काही तथ्य उरत नाही.

खरी चूक होते ती दोन पर्याय एकत्र मोजताना. एका पर्यायाचे प्रमाण दुसऱ्याच्या प्रमाणाने गुणायचे आणि येईल ती संख्या सांगायची, ही पद्धत फार प्रचलित आहे. ती चालते फक्त दोन निवडी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हा. 1967 ची कॉर्व्हेट पाहा. त्या वर्षी 22,940 कॉर्व्हेट बनल्या. ‘एल-88’ हे शर्यतीचे इंजिन 20 गाड्यांत होते आणि ‘एम-22’ हा दणकट गिअरबॉक्सही 20 गाड्यांतच होता. गुणाकार केला तर दोन्ही असलेल्या गाड्यांची अपेक्षित संख्या 0.017 येते, म्हणजे एका गाडीचा पन्नासावा हिस्सासुद्धा नाही. प्रत्यक्षात मात्र अशा गाड्या वीसच्या वीस होत्या, कारण एल-88 घेणाऱ्याला एम-22 घ्यावाच लागे. या इंजिनासोबत रेडिओ मिळतच नसे, आणि त्या वर्षी हीटरही मिळत नसे. अशा गाडीवर रेडिओ नसणे हे दुसरे दुर्मिळ वैशिष्ट्य म्हणून मोजले, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. क्रायस्लरच्या 426 घन इंचांच्या हेमी इंजिनाबरोबर वातानुकूलन देत नसत, त्यामुळे तिथेही हाच सावधपणा लागतो. कुठला पर्याय कशाला बांधलेला आहे, हे त्या वर्षीच्या विक्रीपुस्तिका आणि दरपत्रक वाचल्याशिवाय समजत नाही. दुर्मिळतेचा अभ्यास करणाऱ्याचे निम्मे काम तिथेच असते.

संख्या कमी का राहिली, हा प्रश्न संख्येइतकाच महत्त्वाचा आहे. 1970 च्या प्लिमथ ‘कुडा’वर हेमी घ्यायला सुमारे 870 डॉलर जादा पडत, म्हणजे मूळ गाडीच्या किमतीच्या पावपटीहून अधिक. त्यावर विमा कंपन्या शक्तिशाली गाड्यांवर, विशेषतः तरुण मालकांकडून, जबर हप्ता घेत. परिणामी हेमी कुडा कन्व्हर्टिबल 1970 मध्ये 14 आणि 1971 मध्ये 11 इतक्याच बनल्या. आज या गाड्यांना लाखो डॉलर मिळतात. 2014 साली 1971 ची एक गाडी लिलावात 35 लाख डॉलरला गेली. नवी असताना मात्र त्यांच्याकडे फारसे कोणी वळले नव्हते.

1969 ची ‘झीएल-1’ कॅमारो हे याचे आणखी ठळक उदाहरण. तोवर जनरल मोटर्सचा इंजिनाच्या आकाराचा नियम 400 घन इंचांचा झाला होता. टॅक्सी आणि पोलीस खात्यासाठी खास मागण्या नोंदवण्याची ‘कोपो’ नावाची कार्यालयीन पद्धत होती. तिचा आधार घेऊन इलिनॉयमधील ला हार्प गावचे डीलर फ्रेड गिब यांनी 427 घन इंचांच्या ॲल्युमिनियम इंजिनाच्या पन्नास गाड्या मागवल्या. नुसत्या इंजिनाचीच किंमत चार हजार डॉलरवर गेली. गाड्या खपेनात, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच परत घेऊन दुसऱ्या डीलरांना द्याव्या लागल्या. एकूण झीएल-1 कॅमारो 69 बनल्या.

हे सारे आकडे शेवटी कागदावर अवलंबून आहेत, आणि इथे प्रत्येक कंपनीची गोष्ट वेगळी आहे. फोर्डच्या 1967 पासूनच्या गाड्यांची संगणकीय नोंद टिकली. केव्हिन मार्टी यांच्या संस्थेकडून तिच्या आधारे एकेका गाडीचा अहवाल मिळतो, आणि अमुक इंजिन, अमुक रंग, अमुक गिअरबॉक्स असे एकत्र मोजताही येते. पॉन्टिॲकच्या मूळ विक्रीपावत्यांच्या प्रती टिकल्या, म्हणून 1964 च्या जीटीओची शहानिशा आज होऊ शकते. क्रायस्लरच्या गाड्यांत इंजिनाचे सांकेतिक अक्षर चेसिस नंबरातच असते. शिवाय जुळणीच्या वेळची पर्यायांची यादी, म्हणजे ‘ब्रॉडकास्ट शीट’, कधीकधी आसनाच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेली सापडते.

शेव्हरोलेटच्या बाबतीत हा आधार फार तोकडा आहे. 1970 च्या शेवेलमध्ये 450 अश्वशक्तीचे ‘एलएस-6’ इंजिन 4,475 वेळा बसले एवढे ठाऊक आहे. पण या आकड्यात हार्डटॉप, कन्व्हर्टिबल आणि ‘एल कॅमिनो’ पिकअप असे सगळेच येतात. त्यांची विभागणी उपलब्ध नाही, त्यामुळे एलएस-6 कन्व्हर्टिबलचा जो आकडा सांगितला जातो तो अंदाजच असतो. ‘एसएस’ हा संचही त्या वर्षी चेसिस नंबरात दिसत नाही. मग मूळ विक्रीपावती, हमीपत्रासोबतची धातूची पट्टी, ब्रॉडकास्ट शीट आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक यांची एकमेकांशी सांगड घालावी लागते. त्यातला इंजिनावरचा क्रमांक घासून नवा कोरण्याचे प्रकार होतात, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही.

बनलेल्या गाड्या आणि उरलेल्या गाड्या यांतही मोठी तफावत आहे. या गाड्या शर्यतीत फुटल्या, हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने गंजल्या, 1973 च्या तेलटंचाईनंतर कवडीमोलाने विकल्या गेल्या. अनेकांची इंजिने काढून दुसरीकडे बसवली गेली. उरलेल्या गाड्यांची अधिकृत गणना कोणतीच कंपनी करत नाही. ते काम हौशी मालकांनी ठेवलेल्या नोंदवह्यांतून चालते, आणि एखादी गाडी जुन्या गोठ्यातून बाहेर निघाली की त्या नोंदीत भर पडते.