मेल्या डिस्कचे भूत

घरात संगणक असलेल्या गृहस्थाला केव्हा ना केव्हा असे वाटतेच की, आपली पत्रे, हिशेब, छायाचित्रे यांची एक प्रत बाजूला काढून ठेवावी. नुसत्या फायली उतरविणे सोपे. पण डिस्क दगावली म्हणजे संगणकाची सारी घडी पुन्हा बसविण्यात दिवस मोडतात. म्हणून अख्ख्या डिस्कचीच हुबेहूब प्रत घेण्याची युक्ती निघाली. तिला डिस्क इमेज म्हणतात.

या घराण्यातील एक जुना पूर्वज म्हणजे 'डीडी'. १९७४ च्या युनिक्स प्रणालीत ही आज्ञा आढळते. फायली कोणत्या, कोणाच्या, याच्याशी तिला कर्तव्य नाही. चुका मूळ पोथीच्या, मला बोल लावू नका, असे शेवटी लिहून ठेवणाऱ्या आपल्याकडील लेखनिकाच्याच जातीची ती! रिकामी जागासुद्धा ती इमानाने उतरविते.

१९९५ च्या सुमारास न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मरे हॅझर्ड यांनी बायनरी रिसर्च या कंपनीसाठी 'घोस्ट' रचला. डिस्कवरील मांडणी ओळखून भरलेला भागच उचलावयाचा, ही त्याची खुबी. घोस्ट म्हणजे भूत. मेलेल्या डिस्कला दुसऱ्या देहात उभे करणाऱ्याला याहून समर्पक नाव कोणते? १९९८ मध्ये तो सिमँटेकने विकत घेतला. त्याच कंपनीने २००३ मध्ये 'ड्राइव्ह इमेज'ची निर्माती पॉवरक्वेस्टही घेतली, आणि २००४ च्या नवव्या आवृत्तीत नाव घोस्टचे, आतला जीव मात्र ड्राइव्ह इमेजचा, असा प्रकार झाला. फायलींचे रूपही पालटले. २०१३ च्या एप्रिलअखेर घरगुती घोस्टची विक्रीच थांबली.

माझे स्वतःचेच सांगतो. अशीच एक इमेज मी २००८ साली घेऊन निर्धास्तपणे कपाटात ठेवली होती. तीत वडिलांच्या आवाजाची चार मुद्रणे होती. आठ वर्षांनी पाहतो तो जुना कार्यक्रम नव्या संगणकावर चालेना. एका स्नेह्याच्या माळ्यावरचे जुने यंत्र कामी आले. तरीही तीनच मुद्रणे हाती लागली. इमेज धड आहे की नाही, हे मी एकदाही तपासले नव्हते.

तेव्हा कार्यक्रम निवडताना मी आता किंमत नंतर विचारतो. निर्माता उद्या उठून गेला तर इमेज कोण उघडील, हे आधी. विंडोजमधील स्वतःची सोयही मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये मोडीत काढण्याच्या यादीत घातली; मॅक्रियमच्या मोफत आवृत्तीचा आधार २०२४ च्या आरंभी संपला. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात वाढलेला 'क्लोनझिला' मोफत आहे, त्याची घडण सर्वांना खुली आहे आणि पेनड्राइव्हवरून तो चालतो. त्याचा पडदा मात्र रुक्ष. एखादीच फाईल बाहेर काढणे त्यात जिकिरीचे. म्हणून फायलींची साधी प्रत मी निराळी ठेवतो, आणि दर दिवाळीच्या सुटीत ती इमेज एका जुन्या डिस्कवर उतरवून संगणक सुरू होतो की नाही, ते पाहतो.