खुर्ची एक, दावेदार अनेक



इतिहास म्हटला की गड, तह आणि गादीचे वारस आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु जेथे गादी तेथे तंटा हा नियम राजवाड्यापुरता नाही. ध्वनिक्षेपकासमोरच्या साध्या खुर्चीलाही तो लागू पडतो. १९३४ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांपासून ज्यांचा आवाज क्रिकेटवेड्यांच्या ओळखीचा झाला, ते बॉबी तल्यारखान दिवसभर एकटेच समालोचन करीत. पुढे वाटेकरी घेण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी ते काम सोडले, पण वाटणी मानली नाही. आज सांगावयाची हकीकत याच मनुष्यस्वभावाची आहे. फक्त स्थळ न्यूयॉर्क.

१ जुलै १९८७ रोजी दुपारी तीन वाजता त्या शहरात एक विलक्षण नभोवाणी केंद्र सुरू झाले. नाव डब्ल्यूएफएएन. गाणी नाहीत, नाटके नाहीत. चोवीस तास केवळ खेळांची चर्चा, आणि तीही श्रोत्यांनी दूरध्वनीवरून घातलेल्या वादांसह. पहिला आवाज उमटला तो सूझिन वॉल्डमन या बाईंचा. असा उद्योग तेव्हा नवलाईचा होता. पहिल्या वर्षी केंद्रास मोठा तोटा आला आणि हा खुळा प्रयोग लवकरच गुंडाळला जाईल, असे भाकीत जाणती माणसे करू लागली.

केंद्र तगले ते खांदेपालटामुळे. ऑक्टोबर १९८८ मध्ये ते जुन्या डब्ल्यूएनबीसी केंद्राच्या ६६० या जागेवर गेले आणि त्या जागेबरोबर डॉन आयमस हा लोकप्रिय निवेदकही मिळाला. सकाळची वेळ ग्रेग गंबल यांच्याकडून काढून आयमसला देण्यात आली. वास्तविक त्याचा कार्यक्रम खेळांचा नव्हेच! पण त्याच्यामागे जाहिरातदार येत. क्रीडा-केंद्राची चूल बिगरक्रीडा निवेदकाने पेटती ठेवावी, हा दैवदुर्विलास खरा. परंतु संस्थांच्या इतिहासात असे वारंवार घडते.

दुपारची खुर्ची क्लीव्हलंडहून आणलेल्या पीट फ्रँकलिन यांची होती. ते गेल्यावर चालकांनी ५ सप्टेंबर १९८९ पासून दोन माणसे एकत्र बसविली : माइक फ्रान्सेसा आणि क्रिस रूसो. एक धीरगंभीर, दुसरा आरडाओरडा करणारा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. येथे त्या एकोणीस वर्षे राहिल्या, आणि त्यांच्या खणखणाटावरच केंद्राचे नाव झाले. ध्वनिक्षेपक बंद होताच दोघांत अबोला असे, असेही काळ आले. गंमत अशी की, हा बेबनाव श्रोत्यांना कळे आणि ते अधिकच ओढीने ऐकत. अखेर ऑगस्ट २००८ मध्ये रूसो उपग्रह-नभोवाणीकडे गेला.

येथपर्यंतची कथा रंजक आहे. परंतु एप्रिल १९०० किंवा एप्रिल २००७, काळ कोणताही असो, सत्तेची कसोटी दुर्बलांशी वागण्यात लागते. एप्रिल २००७ मध्ये आयमसने रटगर्स विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींविषयी वर्णद्वेषी आणि स्त्रियांचा अवमान करणारे शब्द उच्चारले. त्या मुली नुकत्याच राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या होत्या. मालक कंपनीने प्रथम शिक्षा ठरविली ती दोन आठवड्यांच्या निलंबनाची. मग मोठे जाहिरातदार एकामागून एक पाठ फिरवू लागले आणि १२ एप्रिल रोजी आयमसला काढून टाकण्यात आले. विवेक जागा झाला खरा. पण तो जागा झाला तेव्हा तिजोरीही वाजली होती.

त्याच्या जागी बूमर इसायसन आणि क्रेग कार्टन आले. कार्टनला २०१७ साली अटक झाली. तिकिटांच्या पुनर्विक्रीच्या नावाखाली गुंतवणूकदारांना फसविल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरविले आणि साडेतीन वर्षांची शिक्षा दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये तोच मनुष्य त्याच केंद्रावर पुन्हा बोलू लागला. फ्रान्सेसानेही डिसेंबर २०१७ मध्ये थाटाने निरोप घेतला, आणि मे २०१८ मध्ये तो परत येऊन त्याच खुर्चीवर बसला. जे नवे त्रिकूट तेथे बसविले होते, त्याला जागा सोडावी लागली. शिक्षा भोगलेल्यास पुन्हा उभे राहण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. पण हा हक्क ज्याच्यामागे श्रोते आहेत त्यालाच इतक्या लवकर मिळतो, हेही विसरता येत नाही.

मग या खुर्चीचा खरा धनी कोण? मालक म्हणतो मी, निवेदक म्हणतो मी. माझ्या मते निर्णय ऐकणाराच देतो. तो ज्याला कान देतो, त्याला खुर्ची मिळते. म्हणूनच आवाज कोणाचा ऐकावयाचा, ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट नाही; ती जबाबदारी आहे. या मांडवात बसलेल्यांनाही ती चुकलेली नाही.