अमेरिकी खोटे दागिने : संग्रह व पारख

मुलाम्याचा धातू, काच, प्लॅस्टिक यांतून घडवलेल्या विसाव्या शतकातील अमेरिकी दागिन्यांचा संग्रह. हा माल धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि जुन्या बाजारांत मिळतो. न्यूयॉर्कच्या ट्रायफारी या कंपनीच्या दागिन्यांना विशेष मागणी. १९३० पासून तिचे रचनाकार असलेले आल्फ्रेड फिलिप त्याआधी खऱ्या रत्नांचे काम करीत आणि ती सफाई खोट्या खड्यांतही दिसते.

पारख करायची तर दागिना उलटा करून मागचे ठसे पाहावेत. १९५५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने दागिन्यांच्या घडणीला स्वामित्वहक्क मान्य केला. त्यामुळे कंपनीच्या नावाशेजारी स्वामित्वहक्काची खूण, वर्तुळातला ‘सी’, असलेला ब्रोच बहुधा त्यानंतरचा. दुसऱ्या महायुद्धात साधे धातू युद्धसामग्रीकडे वळले व कारागिरांनी चांदी वापरली. ‘स्टर्लिंग’ हा चांदीचा ठसा बऱ्याचदा त्या काळचा. बेकेलाइट या जुन्या प्लॅस्टिकची बांगडी गरम पाण्यात बुडवून हुंगल्यास औषधी, उग्र दर्प येतो. खड्यांच्या दागिन्याला मात्र पाणी लावू नये : खड्यामागचा वर्ख काळवंडतो आणि गेलेली झळाळी परत येत नाही. विक्रेता सांगतो ती ‘आजीची ठेव’ पुरावा धरू नये. एखादा खडा निखळलेला चालेल, बदलता येतो. वर्ख काळा पडलेला दागिना फुकटातही महाग.