भूल देणाऱ्या परिचारिकांची वहिवाट

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला 'भूल देतात' असे आपण म्हणतो. ज्या शब्दाने आपण चकवा आणि मोह व्यक्त करतो त्याच शब्दाने वैद्यकातील एका थोर उपकाराचाही निर्देश करतो, आणि भूल देणाऱ्यावर टाकावा लागणारा निःशेष विश्वास त्यात नकळत व्यक्त होतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून जॉन कॉलिन्स वॉरन यांच्या सुरीखालील रोग्याची वेदना शमविली, ही हकीकत बहुश्रुत वाचकाला ठाऊक असते; परंतु त्यानंतरच्या अर्धशतकात अमेरिकेत ही भूल प्रत्यक्षात देत कोण होते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

ते काम पुष्कळदा एखाद्या शिकाऊ डॉक्टराकडे येई. आणि त्याचे लक्ष रोग्याच्या श्वासापेक्षा शल्यविशारदाच्या हातांकडे अधिक असे, कारण त्याला पुढे सुरी चालवावयाची होती, ईथरची बाटली सांभाळावयाची नव्हती. मोबदला नाममात्र होता आणि प्रतिष्ठा तर नव्हतीच. म्हणून ज्यांची नजर रोग्याच्या मुखावरून ढळणार नाही अशी माणसे शल्यविशारद शोधू लागले, आणि ती त्यांना परिचारिकांत सापडली. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात १८७७ साली सिस्टर मेरी बर्नार्ड या ख्रिस्ती धर्मभगिनीने हे काम पत्करल्याची नोंद आहे. पुढे मिनेसोटातील रॉचेस्टर येथे शल्यविशारद मेयो बंधूंच्या हाताखाली ॲलिस मगॉ या परिचारिकेने त्या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. नाकातोंडावरील जाळीवर ईथर थेंबाथेंबाने सोडीत, भयभीत रोग्याशी मृदु स्वरात बोलत, तो निद्राधीन होईपर्यंत त्याच्या श्वासाची लय निरखीत राहणे, ही तिची रीत. आणि १९०६ साली तिने १४,००० हून अधिक प्रयोगांचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात भुलीमुळे ओढवलेला मृत्यू एकही नव्हता. एवढ्या निष्ठेने ठेवलेले दप्तर त्या काळच्या किती वैद्यांपाशी असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

शेतातून जाणारी पायवाट वर्षानुवर्षे तुडविली गेली तरी तिच्याबद्दल दावा दाखल होत नाही. जमिनीला मोल आले की मात्र फिर्याद उभी राहते. भुलीचे तसेच झाले. ते काम किफायतशीर आणि मानाचे ठरू लागताच, परिचारिकेने भूल देणे म्हणजे परवान्यावाचून वैद्यकी करणे होय, असा आक्षेप निघाला. केंटकीतील लुईव्हिलचे शल्यविशारद लुई फ्रँक आणि त्यांची परिचारिका मार्गारेट हॅटफील्ड यांनी तो वाद न्यायालयात नेला. शल्यविशारदाच्या देखरेखीखाली दिलेली भूल ही वैद्यकी नव्हे, असा निवाडा १९१७ साली त्या राज्याच्या अपील न्यायालयाने दिला. आणि वैद्यकीविषयीचे कायदे हे जनतेच्या हितासाठी असतात, त्या व्यवसायातील मंडळींच्या खास लाभासाठी नव्हेत, असेही बजावले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली डॅगमार नेल्सन या परिचारिकेच्या बाजूने असाच निकाल दिला. मध्यंतरी, १९३१ साली, अगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली होती.

जुनाट वेदनेवरील उपचारांचा तंटा ही याच वादाची अलीकडची शाखा आहे. प्रसूतीच्या कळा शमविण्यासाठी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील ज्या पोकळीत सुई घालून औषध सोडतात, त्याच पोकळीत सायटिकाने गांजलेल्या माणसाला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. तेव्हा प्रसूतिगृहात जिचा हात बसला होता ती परिचारिका, जेथे वेदनातज्ज्ञ डॉक्टर कोसोगणती दूर असतो अशा खेड्यापाड्यांत, पाठीच्या दुखण्याकडे वळली हे स्वाभाविकच होते. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असा, की शस्त्रक्रियेतील वेदनेचे कारण उघड असते, जुनाट वेदनेचे मात्र शोधून काढावे लागते. कण्याशी चुकलेली सुई माणसाला जन्माचा पंगू करू शकते. आणि निदान हा वैद्याचाच अधिकार होय. हा आक्षेप केवळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकता येण्याजोगा नाही.

लुइझियानातील परिचर्या मंडळाने अशा उपचारांना दिलेली मुभा तेथील अपील न्यायालयाने २००८ साली रद्द ठरविली. उलट आयोवात, क्ष-किरणांच्या ज्या चलत् प्रतिमेच्या आधारे सुईला वाट दाखवितात, त्या फ्लुओरोस्कोपीवर उच्चशिक्षित परिचारिकांनी देखरेख करण्यास परवानगी देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्राह्य धरले. दरम्यान मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेची बिले तपासणाऱ्या काही कंत्राटदारांनी परिचारिकांनी केलेल्या वेदनोपचारांचे पैसे नाकारले होते. त्यावर मध्यवर्ती सरकारने नोव्हेंबर २०१२ मध्ये नियम केला, की राज्याच्या कायद्याने जे काम या परिचारिकेला करता येते त्याचे पैसे मेडिकेअर देईल. १ जानेवारी २०१३ पासून तो अमलात आला. मात्र तिला कोणते काम करता येते, हे ठरविणे त्याने राज्यांवरच सोपविले.

त्यामुळे पाठदुखीने अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचा उपचार आजही तो कोणत्या राज्यात राहतो यावर अवलंबून असतो. या मामल्यात, कायदा जनतेच्या हितासाठी असावा, व्यवसायाच्या लाभासाठी नव्हे, ही केंटकीची जुनी कसोटीच मला योग्य वाटते. जिने या कामाचे विशेष शिक्षण घेतलेले नाही आणि निदानासाठी वैद्याशी विचारविनिमय ठेवलेला नाही, तिच्या हाती ती सुई देऊ नये. परंतु जिने हे दोन्ही केले आहे, तिला केवळ ती परिचारिका आहे एवढ्याच कारणास्तव त्या शेतकऱ्याच्या दारातून परत पाठविणे अन्यायाचे आहे.