सर्वांत पुढचा कोण? एका भटकंतीचा इतिहास

मंडळी, आज एका जुन्या चुकीपासून सुरुवात करू.

१८७३ साली फ्रान्सिस गॅल्टनने ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये प्रश्न टाकला: घराण्यांची आडनावं नाहीशी का होतात? उत्तर दिलं रेव्हरंड हेन्री वॉटसनने. समीकरण बरोबर मांडलं, पण त्याची मुळं दोन. वॉटसनने एकच पाहिलं आणि सगळी घराणी बुडणारच, असं सांगून मोकळा झाला! फ्रान्सच्या बिएनेमेने १८४५मध्येच बरोबर उत्तर दिलं होतं. ते कुणी वाचलंच नाही.

पुढे प्रश्न बदलला. वंश वाढतोय आणि प्रत्येक वंशज बापाच्या जागेवरून नशिबाने पडेल तसं पाऊल टाकतोय. तर सर्वांत पुढचा कुठे असेल? १९७०च्या दशकात हॅमर्सली, किंगमन, बिगिन्स यांनी त्याचा वेग काढला. १९७८मध्ये ब्रॅमसनने बारकावा दाखवला. वेगावरून जिथे असावा, त्याच्या तो थोडा मागे राहतो, काळाच्या लॉगरिदमच्या पटीत. तितकेच लोक एकमेकांशी नातं नसलेले असते, तरी पुढचा मागे पडला असता. पण इथे तिप्पट पडतो. का? भावंडांचा बराचसा रस्ता एकच असतो, म्हणून नशीब आजमावण्याच्या खऱ्या संधी कमी होतात.

आता यात परिस्थितीही लहरी धरा. १९६९मध्ये स्मिथ आणि विल्किन्सन यांनी हे केलं. समजा, चांगल्या वर्षी वंश तिप्पट होतो, वाईट वर्षी पाव उरतो, आणि दोन्हींची शक्यता निम्मी निम्मी. सरासरी काढा: सव्वातीन भागिले दोन, म्हणजे १.६२५. वाढ दिसते ना? पण एक चांगलं, एक वाईट वर्ष गेलं की तीन गुणिले पाव, म्हणजे पाऊणच उरतो. वंश बुडतो. दुष्काळ एकट्याला गाठत नाही, सगळ्यांना एकदम गाठतो. म्हणून एकाचं नुकसान दुसऱ्याच्या फायद्याने भरून निघत नाही. अशा काळात सर्वांत पुढचासुद्धा त्या सामाईक नशिबाबरोबर मागेपुढे होतो.

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवताना मीही पहिल्या आलेल्याकडे बोट दाखवून ‘बघा, कर्तृत्व!’ म्हणत आलो. हे गणित कर्तृत्व नाकारत नाही, बरं का. ते एवढंच विचारतं: त्याच्या मागे किती जण चालत होते, आणि त्या वर्षी पाऊस कसा होता?