वेदनेची नोंद

आपल्या साहित्यचर्चेत 'वेदना' हा शब्द गेली पन्नास वर्षे सतत वापरात आहे. वेदना, नकार, विद्रोह ही त्रयी आता विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेतही आली आहे. मीही ती वर्गात शिकवते. परंतु पोट फाडून शिवल्यानंतर रात्री अडीच वाजता बाईला जी वेदना होते, तिला या चर्चेत फारशी जागा मिळालेली नाही.

२००८ साली माझ्या आईची पिशवी काढली. आई शेतमजूर, मी बारावीत. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून मी झोपत असे. दुसऱ्या रात्री आईने पदराचा बोळा करून दातांत धरला होता. मी सिस्टरना उठवले. त्या म्हणाल्या, "सकाळी डॉक्टर आले की सांग. तुमच्या बायांना सोसायची सवय असते, एवढी काय घाबरतेस?" त्या बाई वाईट नव्हत्या. पहाटे त्यांनीच आईला चहा आणून दिला. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्यात द्वेष नव्हता. आपल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट त्या सांगत होत्या. ही गोष्ट माणसांना ठाऊक कशी होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी या गावी सापडते. तेथे जेम्स मॅरियन सिम्स या गोऱ्या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. बाळंतपण अडून मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडते, लघवी अखंड गळत राहते, असा तो आजार होता. त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. सिम्सने इलाज शोधला व तो पुढे 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हणून गौरवला गेला.

ज्यांच्या देहावर हा शोध लागला, त्यांपैकी तिघींचीच नावे त्याने नोंदवली : अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. आडनाव एकीलाही नाही. अनार्का सुमारे सतरा वर्षांची होती आणि तीन दिवस तिचे बाळंतपण अडले होते. तिच्यावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. ल्युसीवर पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा बघायला डझनभर डॉक्टर जमले होते. भूल दिलेली नव्हती. तिच्या यातना पराकोटीच्या होत्या, असे सिम्स स्वतःच आत्मचरित्रात सांगतो. नंतर तिला विषबाधा झाली, ती मरता मरता वाचली आणि सावरायला तिला दोन-तीन महिने लागले. पुढे गोरे मदतनीस येईनासे झाले, तेव्हा याच स्त्रियांनी एकमेकींना धरून ठेवायचे काम केले.

इतिहास लिहिताना न्याय सोडता येत नाही, म्हणून सिम्सची बाजूही सांगितली पाहिजे. ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग बोस्टनमध्ये ऑक्टोबर १८४६ मध्ये झाला, क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ मध्ये सुरू झाला. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियांच्या वेळी भूल उपलब्धच नव्हती. आजार असह्य होता आणि त्या स्त्रियांना बरे व्हायचे होते, हेही खरे असणार. परंतु १८४९ पर्यंत भुलेची बातमी जगभर झाली होती. १८५७ साली एका व्याख्यानात सिम्सने सांगितले की, ही शस्त्रक्रिया भूल देण्याचा त्रास आणि धोका पत्करावा इतकी दुखणारी नसते. ज्याने ल्युसीच्या यातना लिहून ठेवल्या, त्याचेच हे मत. राहिला संमतीचा प्रश्न. गुलाम स्त्रीच्या देहावरील शस्त्रक्रियेला कायद्याने जिची संमती लागे, ती व्यक्ती ती स्त्री नव्हती, तिचा मालक होता.

आता अफूकडे येऊ. शस्त्रक्रियेनंतर सिम्स या स्त्रियांना अफू देत असे. १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याने अफूचे गुण मोजले आहेत. मन शांत राहते, लघवीची आग कमी होते, भूक मंदावते. परंतु त्याला हवा असलेला मुख्य गुण वेगळाच होता : अफूने शौच बांधले जाते. शौचाला जोर लावला तर टाके तुटतील, ही त्याची चिंता होती. आज मॉर्फिन दिलेल्या रुग्णाला डॉक्टर सोबत पोट साफ होण्याचे औषध देतात, कारण बद्धकोष्ठ हा मॉर्फिनचा उपद्रव मानला जातो. सिम्सला तोच उपद्रव हवा होता. वेदनेवरच्या जगातल्या सर्वांत जुन्या औषधांपैकी एक त्या स्त्रियांच्या ओठापर्यंत आले, पण राखण प्रामुख्याने टाक्यांची होती. बाईचे दुखणे त्यात जेवढे कमी झाले असेल, तेवढे ओघाने झाले.

या व्यवहाराला शास्त्राचा आधारही लगेच मिळाला. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने काळ्या माणसाच्या त्वचेला संवेदना कमी असते, असा 'रोग'च नाव देऊन प्रसिद्ध केला. हे जुने झाले म्हणून सोडून देता येत नाही. २०१६ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी व शिकाऊ डॉक्टरांपैकी निम्म्या जणांचा अशा एखाद्या तरी खोट्या समजुतीवर विश्वास आढळला. काळ्यांची कातडी जाड असते, ही त्यातलीच एक. ज्यांची समज अशी होती, ते काळ्या रुग्णाची वेदना कमी मोजत होते व औषधही चुकीचे सुचवत होते. आमच्या सिस्टरबाईंनी कार्टराइटचे नाव ऐकलेले नव्हते. त्यांना ते ऐकण्याची गरजही नव्हती. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही जातींकडून कष्ट करून घेतले, त्या समाजाला त्यांचे न दुखणे सोयीचेच असते.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ब्लॅक पँथरवरून. अनार्काचे नाव मात्र आपल्याकडे पोहोचले नाही.

आपल्या देशाचा अफूशी संबंध तर फारच जवळचा. कंपनी सरकारने बिहार-बनारसची अफू चीनला विकून तिजोरी भरली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून गेली आणि मुंबईच्या कित्येक व्यापारी घराण्यांचे भांडवल त्यातून उभे राहिले. त्याच मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन कामावर जात, कारण पोर जागे राहिले तर पाळी बुडे. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. गाझीपूर आणि नीमच येथे तिचे सरकारी कारखाने आहेत.

आणि याच देशात दुखणाऱ्या माणसाला मॉर्फिन मिळेनासे झाले. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा आला. कडक शिक्षा आणि राज्याराज्यांत वेगवेगळे, किचकट परवाने यांना भिऊन दवाखान्यांनी आणि औषधवाल्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पूर्वी शेकडो किलो असलेला देशाचा वैद्यकीय वापर १९९७ मध्ये १८ किलोंवर आला. एवढ्या मोठ्या देशाला १८ किलो! केरळात कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून वेदनाशमनाची चळवळ उभारली. अशा प्रयत्नांतून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व आवश्यक औषधांचे नियम सोपे झाले.

अफू निरुपद्रवी आहे, असे मी म्हणत नाही. अमेरिकेत १९९६ नंतर ऑक्सिकोंटिनसारख्या गोळ्यांचा बेसुमार खप करून कंपन्यांनी लाखो संसार उद्ध्वस्त केले. म्हणून आता तेथे गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर साधी वेदनाशामके आधी व अफूजन्य गोळ्या मोजक्याच दिवसांपुरत्या, असा विचार रुजला आहे. तो शहाणपणाचा आहे. परंतु कमी द्यायचे की जास्त, हे ठरवण्यासाठी आधी बाईला विचारावे लागते. एका देशाने न विचारता ओतले, दुसऱ्याने न विचारता रोखले.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हा आकडा वाचताना मला माझी सतरंजी आठवली. तेरा हजार आठशे एकसष्ट दुसऱ्या रात्री!

एप्रिल २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून सिम्सचा पुतळा हलवला गेला. २०२१ मध्ये माँटगोमेरीत अनार्का, बेट्सी आणि ल्युसी यांची शिल्पे उभी राहिली. हे चांगलेच झाले. परंतु त्या तिघींचा स्वतःचा एक शब्दही उरलेला नाही. जे आहे ते डॉक्टरने लिहिलेले.

माझ्या आईचा दवाखान्याचा कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर लिहिले आहे : प्रकृती समाधानकारक. मागच्या दिवाळीत मी तिला पहिल्यांदा विचारले, किती दुखत होतं गं? ती म्हणाली, "टाक्याचं काय, ते दुखनारच. पन तू खाली निजली व्हतीस, म्हनून वरडता येईना." तिची सोसण्याची सवय ही अशी होती. ती तिच्या कातडीत नव्हती.

मी ते तारीख घालून लिहून ठेवले. आपल्यापैकी ज्यांच्या आया अजून आहेत, त्यांनीही विचारावे आणि लिहून ठेवावे. डॉक्टरांचे कागद पुष्कळ आहेत. आपले अजून फार थोडे आहेत.