पाठीवरचे हट्टी मुरुम: गोळ्या कधी आणि कशा घ्याव्यात?

भुसावळजवळच्या दीपनगरमध्ये मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. औष्णिक वीज केंद्रात जाड कपडे घालून काम करणाऱ्यांची पाठ दिवसभर घामाने ओली राहते. अशा वेळी पाठ, छाती आणि खांद्यांवर पुळ्या येतात. मलम लावूनही त्या जात नसतील तर पोटातून औषध देता येते. पण गोळी सुरू करण्याआधी पुळ्यांचे कारण ओळखणे महत्त्वाचे आहे.

हे मुरुमच आहेत का?
पुळ्या बारीक, एकसारख्या आणि खूप खाजणाऱ्या असतील तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. घामाने तो वाढतो. अँटिबायोटिक घेतल्यास तो आणखी बळावू शकतो. त्याला बुरशीविरोधी औषध लागते. स्टिरॉइड, बी-१२ च्या मोठ्या मात्रा किंवा व्हे प्रोटीन घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. कारण तिथेही असू शकते.

डॉक्सिसायक्लिन
सूज व पू असलेल्या मुरुमांसाठी हे अँटिबायोटिक देतात. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला सांगतात, म्हणजे जंतू औषधाला सरावत नाहीत. कोर्स साधारण तीन महिन्यांचा असतो. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. या काळात ऊन जास्त बाधते, म्हणून अंग झाकून बाहेर पडा. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना मुरुमांसाठी ही गोळी देत नाहीत.

आयसोट्रेटिनॉइन
खोल गाठी येत असतील किंवा व्रण पडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ हे औषध देतात. ते प्रभावी आहे, पण गर्भात गंभीर व्यंग निर्माण करू शकते. म्हणून स्त्रियांनी औषधाआधी एक महिना, औषध चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा टाळलीच पाहिजे. मित्राची किंवा बहिणीची उरलेली गोळी कधीही घेऊ नका. यकृत आणि रक्तातील चरबीची तपासणी करावी लागते. ओठ कोरडे पडतात. मन खूप उदास वाटू लागले तर लगेच कळवा. डॉक्सिसायक्लिन आणि व्हिटॅमिन ए च्या गोळ्या याच्यासोबत चालत नाहीत.

झिंक आणि इतर पूरक गोळ्या
झिंकचा काहींना थोडा उपयोग होतो, पण तो औषधाला पर्याय नाही. जास्त दिवस घेतल्यास शरीरातील तांबे कमी होऊ शकते. झिंक, लोह किंवा कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनच्या वेळीच घेतले तर औषध नीट शोषले जात नाही. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवा.

किती दिवस थांबायचे?
फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर ड्युटीवरून आल्यावर लगेच आंघोळ करा, सुती आणि सैल कपडे घाला, पुळ्या फोडू नका. तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा अंगावर पुरळ आल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.